सोडायचे राहिलेले उपास

आमच्या कोल्हापुरात माणूस जाड झाला की त्याची तब्येत सुधारते आणि बारीक झाला की तो खराब होतो. बायकांसाठी आणखी एक शब्द आहे, सुटणे. लग्नाआधी मुलगी अंगाने भरते, लग्नानंतर बाई सुटते. नेमकी कशातून सुटते ते कुणी सांगत नाही. मी दुसऱ्या बाळंतपणानंतर काही वर्षांनी सुटले, म्हणजे तसं मला एका बारशात जाहीरपणे सांगण्यात आलं. माहेरच्या नात्यातल्या एका काकूंनी मला दारातच अडवलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "लईच सुटलीस की गं." मग पंगतीत त्याच काकूंनी माझ्या ताटात दोन जिलब्या जास्त वाढल्या, आणि मी खात नाही असं बघून रागावल्याही.

दोन्ही गोष्टी त्यांनी प्रेमानेच केल्या याबद्दल मला आजही शंका नाही. मी तेव्हा चाळिशीच्या अलीकडे होते. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात खरेदी विभागात नोकरी, उचगावात घर, हायवेलगत नवऱ्याचं मोटरपंपांचं दुकान, दोन मुलं आणि सासूबाई. रडावं असं काही नव्हतं. बारशाहून घरी येऊन साडी बदलताना मी आरशात पाहिलं आणि काकूंचं म्हणणं मला पटलं. एवढंच झालं. एखादी मोठी जखम वगैरे शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. मी ठरवलं, जरा कमी खायचं.

आता कमी खाणं ही गोष्ट इतर गावांत कशी करतात मला माहीत नाही. आमच्याकडे ती जवळजवळ अशक्य आहे. "नको" हा शब्द इथे कुणी नकार म्हणून ऐकत नाही, लाजणं म्हणून ऐकतात. "पोट भरलंय" म्हटलं की समोरचा खुलतो, त्याला वाटतं आता खरी सुरुवात झाली. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणावं तर डॉक्टर कसे काहीही सांगतात यावर चर्चा होते आणि चर्चेत वाटी भरली जाते. साखरेचा आजार असलेल्या माणसालाही आम्ही अर्धी जिलबी देतो, त्याला वाईट वाटू नये म्हणून. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की केक, सामोसे, वर कुणाच्या तरी घरून आलेला चिवडा. मी आठवडाभर नको नको म्हणाले आणि त्या आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त खाल्लं.

मग एका मंगळवारी माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "आज माझा उपास आहे."

खरं तर नव्हता. पण माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पुढे केलेली बशी अशी झटकन मागे घेतली की मीच दचकले. वर त्यांनी माझी माफी मागितली आणि मला शिवलं तर नाही ना असं विचारून हात धुऊन आल्या. दिवसभर माझ्याकडे कुणी सामोसा घेऊन आलं नाही. संध्याकाळी निघताना साहेबांनीसुद्धा विचारलं, उपासाचं काही मागवू का. मला जी गोष्ट आठवडाभर जमली नव्हती ती एका शब्दाने झाली होती. कोल्हापुरात वाढणाऱ्याचा हात फक्त देव अडवू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

सोमवार आमच्या घरचाच होता. आम्ही लिंगायत, त्यामुळे शंकराचा वार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, आणि एमआयडीसीला सुट्टीही सोमवारीच असते. मंगळवार असा तोंडातून सुटून मिळाला. गुरुवार ऑफिसातल्याच एकीकडून घेतला, शुक्रवार अंबाबाईचा, शनिवार मारुतीचा. चतुर्थी सगळ्यांचीच. एकादशी आमच्या घरात नाही, ती मी शेजारून आणली, वाटीभर साखर आणावी तशी. शेजारच्या वहिनींच्या दोन म्हशी आहेत, त्या आमच्याकडे दूध घालतात आणि एकादशी कधी चुकवत नाहीत. मी विचारल्यावर त्यांना फार आनंद झाला. शंकराच्या घरात विठोबा नेल्याचं पुण्य आपल्याला लागणार असं त्यांना वाटलं असावं. बुधवाराला मला कुणी देव सापडला नाही, आणि रविवार जोतिबाचा असूनही मी घेतला नाही. रविवारची गोष्ट वेगळी होती, ती पुढे सांगते.

लोक उपासाला काय खातात ते मी सांगायला नको. साबुदाणा, वरी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, वर राजगिऱ्याचा लाडू. आमच्या ऑफिसात उपासाच्या दिवशी बायकांचे डबे नेहमीपेक्षा जड असतात. मी यातलं काही खात नव्हते. चहा घ्यायचे, कधी केळं, तेही अर्धं. त्यामुळे माझे उपास कडक ठरले आणि माझं नाव झालं. हळदीकुंकवाला मला पहिलं बसवायला लागले. कॉलनीतल्या बायका मला विचारायला येत, की शनिवारी मीठ चालतं का, संकष्टीला चंद्र ढगात असेल तर काय करायचं. मी गंभीर चेहऱ्याने उत्तरं द्यायचे. एकदा तर गल्लीच्या टोकाच्या एक बाई सुनेला घेऊन आल्या आणि तिला माझ्या पाया पडायला लावलं. पोर वाकली, आणि मी तिला "अखंड सौभाग्यवती भव" म्हणून आशीर्वाद दिला. पोटात कावळे ओरडत होते आणि ते तिला ऐकू जाईल अशी मला भीती वाटत होती.

पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. नुसतं बारीक होणं नव्हे. सगळं घर, सगळं गाव दिवसातून पाच वेळा खातंय आणि मला त्याची गरज नाही, याचा मला गर्व होता. भरल्या ताटापुढून उठताना मला जे वाटायचं ते मला दुसऱ्या कशातच वाटलं नाही, पगारवाढीतही नाही. ब्लाउज सैल झाले. "खराब झालीस" म्हणून लोक हळहळायचे आणि मला ते शाबासकीसारखं ऐकू यायचं. पुढे पुढे तेवढ्या शाबासकीनेही भागेना. हळूहळू मला भाताची भीती वाटायला लागली. भीती म्हणजे खरोखरची भीती, कुत्रं अंगावर आल्यावर वाटते ती. पातेल्याचं झाकण काढलं आणि वाफ आली की माझा हात मागे यायचा. मी ती भीती कुणाला सांगितली नाही, कारण ती कशी सांगायची हेच मला माहीत नव्हतं. भाताला घाबरणारी बाई मी तरी पाहिली नव्हती.

आणि रविवार. रविवारी संध्याकाळी मी ऑफिसातून येईपर्यंत घर रिकामं असायचं. सासूबाई मठात प्रवचनाला गेलेल्या, मुलं क्लासला, नवरा दुकानात. दुकान बंद करून तो मित्रांबरोबर जेवायला जायचा, कारण तो घरात शाकाहारी आहे आणि घराबाहेर कोल्हापूरकर. मी चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात जायचे आणि ओट्याशी उभी राहून खायचे. दुपारचा गार भात, शेंगदाण्याची चटणी, तेल, शिळी भाकरी, चिवड्याच्या डब्यातला चिवडा, पाहुण्यांसाठी ठेवलेले लाडू, गुळाचे खडे. चव लागत नसे. बसावंसं वाटत नसे, बसलं तर ते जेवण झालं असतं. दुखायला लागल्यावर थांबायचे, डबे पुसून ठेवायचे आणि रडायचे. मग सोमवार उजाडण्याची वाट बघायचे, कारण सोमवारी पुन्हा मी ती पुण्यवान बाई असायचे. लाडू कमी झाल्याचा आळ मुलांवर यायचा, मुलं एकमेकांवर ढकलायची, आणि तो विषय तिथे संपायचा.

श्रावणात एके दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन पडले. श्रावण असल्यामुळे कुणाला त्यात नवल वाटलं नाही. नवऱ्याने मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, कागद बघून भुवया वर केल्या आणि आहार काय असतो असं विचारलं. मी काही बोलण्याआधी नवराच अभिमानाने म्हणाला, तिचे उपास असतात, लई कडक. डॉक्टरांचा चेहरा एकदम मऊ झाला. श्रद्धा असावी पण बेताने, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या मंडळींनाही सोळा सोमवार करायचे होते, त्याबद्दल त्यांनी मला दोन शंका विचारल्या. मी त्या सोडवल्या. निघताना त्यांनी लोहाचं एक लाल टॉनिक लिहून दिलं.

त्या बाटलीवर मेडिकलवाल्याने पेनने लिहिलं होतं, दोन वेळा, जेवणानंतर. मी सूचना पाळणारी बाई आहे. जेवणच नव्हतं, त्यामुळे टॉनिक घेण्याची वेळ येईना. बाटली फ्रिजवर तशीच उभी राहिली, आणि तीच सासूबाईंच्या डोळ्यात भरली.

सासूबाईंविषयी सांगायला हवं. त्या निपाणीकडच्या, घरात आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो, म्हणजे आई. मराठी बोलतात पण राग आला की कानडीत जातात. नोकरी करणाऱ्या सुनेला त्यांनी कधी अडवलं नाही, फक्त तिने खाल्लं पाहिजे एवढीच त्यांची अट. माझे उपास वाढत गेले तसा त्यांचा तोल जायला लागला होता. आपल्यात एकादशी न्हाय गं, असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या. पण देवाच्या आड कसं यायचं म्हणून गप्प बसल्या. त्या स्वतः लग्न होऊन आल्यापासून सोमवार करत होत्या.

असाच एक सोमवार होता. दिवेलागण झाली, अव्वांची पूजा झाली, त्यांनी भाकरी, झुणका, भात असं ताट वाढून घेतलं आणि मला हाक मारली. मी म्हणाले, माझं झालं. त्यांनी फ्रिजवरची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. ती भरलेली होती.

"सोमवार सांजचा सोडायचा असतोय," अव्वा म्हणाल्या. "मी लई दिवस बघायला लागलेय. तू सोडतच न्हाईस. नुसतं धरतीस."

मला हसू आलं. उपास धरतात, उपास सोडतात, चुकून काही खाल्लं तर मोडतात, हे तीन शब्द मी लहानपणापासून वापरत होते, बायकांना त्यांचे नियम समजावत होते. धरणं आणि सोडणं ही जोडी आहे, आणि माझ्याकडे तिच्यातला एकच शब्द उरलाय, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी पोट दुखतंय म्हणून आत जाऊन पडले.

मी उत्तर दिलं नाही हे फार चुकलं, कारण अव्वांनी ते स्वतः शोधलं. इतके उपास, आणि सोडायचं नाव नाही, याचा अर्थ त्यांच्या मते एकच होत होता. मी काहीतरी मोठा नवस बोलले होते आणि तो पुरा झाल्याशिवाय अन्नाला तोंड लावणार नव्हते. आता प्रश्न उरला, नवस कशाचा. अव्वांनी तो घरात सगळ्यांना विचारला. नवऱ्याला वाटलं प्रमोशनचा, तो मला दोन दिवस धीर देत होता. नणंदेला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, वेगळं राहायचं असेल, शहरात फ्लॅट बघून ठेवला असेल. अव्वांना स्वतःला काय वाटलं ते त्या बोलल्या नाहीत, पण त्यानंतर आठवडाभर त्या आपल्या मुलाकडे संशयाने बघत होत्या आणि तो बाहेर जेवायला निघाला की कुणाबरोबर, असं विचारत होत्या. त्या बिचाऱ्याने माझ्यामुळे बरंच सोसलं.

शेवटी अव्वांनी ठरवलं की नवस काय असेल तो असो, उपासांचं उद्यापन करून टाकायचं. व्रत घेतलं की ते असंच अर्ध्यावर सोडता येत नाही, पण रीतसर पूजा करून, लोकांना जेवू घालून संपवता येतं. देवालाही हिशेब मिटल्यासारखं वाटतं. आमच्या मठातले स्वामी आले, त्यांनी सोमवारचं उद्यापन करीन म्हणून सांगितलं, मात्र एकादशीला हात लावणार नाही म्हणाले. एकादशीचं शेजारच्या वहिनींनी आपल्या पद्धतीने उरकायचं ठरलं. सगळे कामाला लागले. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते. मला त्या दिवसाची खरोखर धडकी भरली होती. उपास गेले की माझ्याकडे काय राहणार होतं? "नको" हा एक शब्द, आणि त्याची किंमत मला माहीत होती.

उद्यापनाच्या दिवशी पुरणपोळी होती, कटाची आमटी, भजी, आणि गव्हाची खीर, जिला आमच्यात हुग्गी म्हणतात. पहाटेपासून घरभर तुपाचा वास होता. स्वामींचं जेवण होऊन ते गेल्यावर बायकांची पंगत बसली. माझं ताट मधोमध, भोवती रांगोळी. वाढून झाल्यावर बायका ताटाला हात घालणार तेवढ्यात अव्वांनी सगळ्यांना थांबवलं. आधी ती उपास सोडेल, मग आपण, असं त्यांनी जाहीर केलं. सगळ्यांना ते पटलं. सगळ्यांनी हात मागे घेतले आणि माझ्याकडे बघत बसल्या.

मी पोळीचा एक तुकडा मोडला. त्यावर तूप होतं आणि ते कडेने ओघळत होतं. तुकडा तोंडापर्यंत नेला. माझ्या आयुष्यात मी परीक्षा दिल्या, बाळंतपणं केली, मार्चअखेरीला ऑडिटरपुढे बसले, पण इतकी कधी घाबरले नव्हते. समोर कुणीतरी "डोळ्यात पाणी आलं बघा तिच्या" असं कौतुकाने म्हणालं. मी तुकडा ताटात ठेवला, मीठ आणते म्हणाले आणि उठून स्वयंपाकघरात गेले. ताटात मीठ होतं.

अव्वा माझ्या मागोमाग आल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्या चौकट धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी हळू आवाजात विचारलं, की मी देवाकडे असं काय मागितलंय, एकदा सांगून टाक, कुणाला सांगणार नाही.

"काही मागितलं नाही, अव्वा," मी म्हणाले. "मला जेवायची भीती वाटते."

त्यांना ते कळलं नाही. कळणार कसं? त्यांचा चेहरा पडला आणि त्यांनी विचारलं, "माझ्या हातच्या जेवणाची?"

मी रडायला लागले. तुमच्या हातच्या नाही, सगळ्याच, भाताचीसुद्धा, असं काहीबाही सांगितलं. रविवारचंही सांगितलं, लाडू मुलांनी खाल्ले नव्हते हेही. सगळं एका दमात आणि अर्धवट. अव्वा ऐकत उभ्या होत्या. बाहेर बायका ताटांपुढे हात मागे घेऊन बसल्या होत्या, आमटी निवत होती. अव्वांनी पदराने तोंड पुसलं, माझं नव्हे, स्वतःचं, आणि बाहेर गेल्या. मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"तुम्ही सुरू करा. तिचा आज उपास हाय."

मग कौतुकाची कुजबुज सुरू झाली. उद्यापनालाही उपास! असली भक्ती कुणी पाहिली नव्हती. त्या दिवशी माझी कीर्ती कळसाला पोचली, आणि ती पोचवणारी बाई आयुष्यात पहिल्यांदा देवाच्या नावाने खोटं बोलली होती.

बायका जेवून, विडे घेऊन गेल्या. अव्वांनी दाराला कडी लावली. स्वयंपाकघरात जमिनीवर दोन पाट मांडले आणि एका ताटात पोळीचा चतकोर ठेवला. तूप नाही, खीर नाही, फक्त तो चतकोर. त्या म्हणाल्या, "साकु." साकु म्हणजे कानडीत पुरे. पाहुण्यांच्या तोंडून हा शब्द आला तर तो अव्वांना कधीही ऐकू जात नाही, तो ऐकू न येणं हाच त्यांच्या घराण्याचा लौकिक आहे. तो शब्द त्यांनी त्या दिवशी स्वतः उच्चारला. त्यांनी स्वतःचंही ताट वाढून घेतलं, कारण त्याही जेवल्या नव्हत्या, आणि माझ्याकडे न बघता खिडकीकडे तोंड करून जेवायला लागल्या. मी तो चतकोर खाल्ला. फार वेळ लागला. चव मात्र लागली, गुळाची आणि जायफळाची, आणि ती लागल्यावर मी आणखी घाबरले.

नवऱ्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो बराच वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला आणि मग एकदम हलका झालेला दिसला. या दुखण्याला नाव होतं, आणि तेही इंग्रजी. आमच्याकडे इंग्रजी नावाच्या आजाराला मान असतो. मग आम्ही राजारामपुरीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जायला लागलो. बाहेर मात्र डाएटच्या डॉक्टर असं सांगायचं ठरलं. त्याचा परिणाम असा झाला की कॉलनीतल्या निम्म्या बायका माझ्याकडे त्यांचा नंबर मागू लागल्या. मी इतकी बारीक झालेय म्हणजे डॉक्टर चांगल्याच असणार, असा त्यांचा हिशेब होता. मी जास्त खायला शिकायला तिथे जाते, असं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी मला पटल्या आणि जमल्या नाहीत. एक जमली. ठरलेल्या वेळी, बसून, कुणाच्या तरी सोबत जेवायचं, आणि त्या माणसाने ताटावरून काही बोलायचं नाही. तो माणूस म्हणजे अव्वा झाल्या. त्यांच्यासाठी हे किती कठीण होतं ते आमच्या गावातला माणूसच समजू शकेल. "घे की आणखी" हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत येतात आणि त्या ते गिळतात. कधी कधी त्या कानडीत काहीतरी पुटपुटतात, मी ते समजून घेत नाही. संध्याकाळी त्या आता मठात जात नाहीत, रविवारीसुद्धा नाही. मी बरी झाले असं मी म्हणणार नाही. अजूनही काही दिवस ताट तसंच परत जातं. गेल्या महिन्यात ऑफिसात केक आला तेव्हा तोंडातून उपास निघून गेलाच, आणि वार बुधवार होता. काही आठवडे चांगले जातात. टॉनिकच्या बाटल्या आता संपतात.

परवा संध्याकाळी आम्ही दोघी जेवायला बसलो होतो तेव्हा शेजारच्या वहिनी दुधाची किटली घेऊन आल्या. त्यांनी मला भाकरी खाताना पाहिलं आणि त्या दारातच थबकल्या. त्या दिवशी एकादशी होती. मी एकादशी सोडली हे त्यांना माहीत होतं, पण डोळ्यांनी पाहणं वेगळं असतं. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. इतकी कडक बाई, आता काहीच करत नाही का, असं त्यांनी अव्वांना विचारलं.

"करती की," अव्वा म्हणाल्या. "दुसरं धरलंय. आधीच्यापरास कडक हाय. रोज दोन टाइम जेवती."

वहिनींनी किटली खाली ठेवली. नवं व्रत म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कुठल्या देवाचं गं?"

माझ्या तोंडात घास होता, त्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.